जलजिरा पिऊन नाचलेल्या जावयाबद्दल

कांचघर, जबलपूर
सोमवार

तीर्थस्वरूप विठोबादादा,

सुमित्राचा वाकून नमस्कार. (रागात आहे, पण नमस्कार तो नमस्कार.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर उतरली का? पियूषच्या लग्नाच्या धावपळीत तुम्ही दोघं वेळेवर जेवत नसाल, हे मला इथे बसून दिसून राहिलं आहे. आम्ही इकडे मजेत होतो, काल दुपारी तुझा फोन येईपर्यंत.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं तर सगळं खानदान अंगठे दाखवत बसेल. "लग्नाला एकटी ये, विष्णूरावांना आणू नको, ते सकाळी अकरालाच पिऊन नाचत होते म्हणे," असं म्हणालास आणि फोन ठेवून दिलास. म्हणे! हे तुला कुंदाताईंनी सांगितलं ना? (वहिनीची मावसबहीण आहे म्हणून गप्प बसते. इथे त्यांच्या गढा मोहल्ल्यात शिंक आली तरी यांच्यामुळे तुम्हाला नागपूरला कळते.) आता खरं काय झालं ते ऐक.

आमच्या दुर्वानं आणि तिच्या मैत्रिणींनी नेपियर टाउनातल्या एका कॅफेच्या गच्चीवर रविवारी सकाळची पार्टी ठेवली होती. हल्ली हे नवीनच निघालं आहे बाप्पा. रात्रीचं सगळं दिवसा करायचं, आणि दारूचं नाव काढायचं नाही. डीजे आहे, रंगीत लाइट आहेत (उन्हात दिसत नाहीत, पण आहेत), उंच उंच ग्लास आहेत, आणि ग्लासात काय, तर कोल्ड कॉफी, जलजिरा, बेलाचं शरबत आणि एक निळं पाणी, ज्याची चव खोकल्याच्या औषधासारखी. मुलींच्या घरच्यांची खात्री पटावी म्हणून आईबापांनाही बोलावलं होतं. दुर्वा म्हणाली, "मम्मी, पापा, आप लोग भी आओ ना." (मराठी तिला समजते सगळी, बोलायची म्हटली की ताप येतो.) मी रेशमी साडी नेसले आणि सोबत खोव्याची जलेबी घेतली. रिकाम्या हातानं कसं जायचं? कुंदाताईंची गीतांजली दुर्वाची मैत्रीण, म्हणून त्याही आल्या होत्या.

आता ह्यांच्या नाचाबद्दल. तुला माहीतच आहे, प्रकार अवघड आहे. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, एक पाय गाण्यात आणि दुसरा कुठे ते त्या पायालाच माहीत. मधेच खाली बसतात आणि उठताना कोणाला तरी धरतात. आपल्या धाकट्या वसुधाच्या लग्नात ते बँडवाल्याच्या गळ्यात पडले आणि त्याची टोपी घालून नाचले, तेव्हापासून आपल्या घराण्यात ठरून गेलं की विष्णू पितो. अरे, हा माणूस चहासुद्धा अर्धा कप घेतो! होळीला कोणी भांग पाजेल म्हणून आतून कडी लावून बसतो! पण गाणं लागलं की त्याला कोणी धरून ठेवू शकत नाही. मीसुद्धा नाही.

तर काल उन्हातच रंगात आले. तरुण पोरं भोवती टाळ्या वाजवून राहिली होती, "अंकल जी, एक बार और!" आणि कुंदाताई माझ्या कानाशी आल्या. "काय गं, सकाळी सकाळीच?" मी म्हटलं, जलजिरा आहे. तर म्हणतात, "जलजिऱ्यानं कोणी असं नाचते काय?"

आणि दादा, मग मी काय केलं ते लिहिताना लाज वाटते. ह्यांचा ग्लास टेबलावर होता. मीच भरून आणला होता, त्यात काय आहे मला ठाऊक होतं. तरी उचलला आणि हुंगला. जिरं, काळं मीठ, पुदिना. मान वर केली तर हे समोर उभे. "तू पण?" एवढंच म्हणाले. घाम पुसला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. परत येताना ऑटोत त्यांनी विचारलं, "लोक काहून असं समजतात? कधीपासून?" खोटं बोलता येईना. वसुधाच्या लग्नापासून, म्हटलं.

आपल्याकडे शुद्धीत नाचणारा पुरुष कोणी पाहिलाच नाही, यात त्यांचा काय गुन्हा? तुझ्या लग्नात मामा नाचताना मांडवाचा खांब घेऊन पडले. त्यांना कोणी काही म्हटलं नाही, कारण म्हणणारेही पडलेलेच होते. तेव्हा पत्रिका दोघांच्या नावानं पाठव. नाहीतर मीही येत नाही, मग पियूषला आत्याशिवाय हळद लाव.

वहिनीला नमस्कार, पियूषला आशीर्वाद.

तुझी (अजून तरी तुझीच)
सुमित्रा

ता. क. कुंदाताईंनी ते निळं पाणी तीनदा घेतलं आणि जाताना दुसऱ्याच्या चपला घालून गेल्या. मी कोणाला फोन केला नाही.

आणखी ता. क. खरी गोष्ट आता लिहिते. पत्रिका मी भांडून घेईन. पण हे आता कधीच नाचणार नाही म्हणतात. काल संध्याकाळी गल्लीतून बारात गेली, बँड थेट आमच्या दारात थांबला, आणि हे पेपर वाचत बसले. पायसुद्धा हलला नाही. मला रडू आलं दादा. तू स्वतः फोन कर. माफी मागू नको, तुला जमणार नाही. फक्त म्हण, "जावईबापू, पियूषच्या वरातीत पुढे तुम्हीच पाहिजे." मी सांगितलं हे बोलू नको.

दादा, विष्णूचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. फोन करू नका, मला फोनवर काही सुचत नाही. पत्रिका आली की येतो. एक गोष्ट हिनं लिहिली नाही. मी खुर्चीवर जाऊन बसलो, तेव्हा ही पदर खोचून सगळ्यांदेखत एकटी नाचायला उभी राहिली. माझ्याकडे पाहत. फार वाईट नाचते हो. मी रागात होतो, उठलो नाही, आणि आता तेच मनात टोचून राहिलं आहे. वरातीत हिच्यासोबत नाचीन. कुंदाताईंनी हिच्याबद्दल काय सांगितलं, तेवढं कळवा.