इंजिन तापतंय, मी शांत आहे

१ मार्च, रविवार
मागच्या खोलीत आजपासून रेल्वे सुरू. खेळणं नव्हे, मॉडेल रेल्वे. फरक बायकोला समजावून सांगितला. तिने मान डोलावली आणि वाटाणे सोलत राहिली.

उद्घाटन रीतसर केलं. रुळांवर आडवा लाल रेशमी दोरा बांधला. तिच्याच शिवणाच्या डब्यातला, न विचारता. इंजिनाने दोरा छातीवर घेतला आणि दिमाखात ओढत नेला. टाळ्या मीच वाजवल्या. बायकोने विचारलं, माझा दोरा गेला कुठे? शेजारणीच्या ड्रेसची किनार त्याचीच व्हायची होती म्हणे. म्हटलं, तो आता इतिहासजमा झाला.

तिसऱ्या फेरीला इंजिन तापून बंद. नवीन आहे, लाजतंय.

२ मार्च, सोमवार
ऑफिसात दिवसभर इंजिनाचा विचार केला. पगार कारणी लागला. निदान : व्होल्टेज. घरी येऊन फ्रीज, पंखे, मिक्सर, सगळं बंद करायला लावलं. इंजिन तापलंच. आइस्क्रीमचं सरबत झालं. बायको म्हणाली, फ्रीज गरम, इंजिन गरम, डोकं गरम. अहो, तुम्ही नेमकं गार काय करत होतात? शास्त्रज्ञांना घरून पाठिंबा नसतोच. दोऱ्याचं पुन्हा विचारलंन. माणसाचं लक्ष किती क्षुल्लक गोष्टींत अडकावं!

४ मार्च, बुधवार
बायकोने अट घातली. तिला मागची खोली शिवणाच्या क्लाससाठी हवी आहे. चार बायका तयार आहेत, मशीन मात्र बेडरूमच्या दारामागे तोंड लपवून उभं. रविवारी तिच्या भावासमोर गाडीने सलग दहा फेऱ्या मारल्या तर खोली माझी, नाहीतर तिची. मी पन्नास म्हणालो. तिने दहावरच ठेवलं. घाबरली.

निदान : कोरडेपणा. शिलाई मशीनचं तेल घातलं. बाटली संपली तेव्हा थांबलो. आता इंजिन तापतं आणि वासही येतो. रुळांवर तेल सांडल्यामुळे चाकं जागच्या जागी फिरतात. पण काय फिरतात!

५ मार्च, गुरुवार
दुकानदाराला फोन. तो म्हणाला, चाकांमागे केस-बिस काही गुंतलंय का बघा साहेब. हसू आलं. माझ्या डोक्यावर केस उरलेत कुठे गुंतायला? तसं ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवला. ही दुकानदारांची तांत्रिक पातळी!

६ मार्च, शुक्रवार
निदान : इंजिनात हवा खेळत नाही. त्याच्या छताला भोकं पाडली. ड्रिल जरासं घसरलं. आतल्या चिमुकल्या ड्रायव्हरची टोपी गेली. टोपीबरोबर थोडं डोकंही. तरी त्याच्या चेहऱ्यावरचं स्मित कायम. असे कर्मचारी आमच्या ऑफिसात नाहीत.

इंजिन तापतंय. पण आता मोकळ्या हवेत तापतंय.

७ मार्च, शनिवार
एकदम सुचलं : इंजिनामागे बर्फाचा डबा जोडायचा! जोडला. बर्फ वितळला, पाणी रुळांवर, घरभर अंधार. बायको मेणबत्ती घेऊन दारात आली. फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. तिचं हे वाईट आहे.

मग फेऱ्यांच्या मधे 'तांत्रिक थांबा' ठेवायचा प्रस्ताव मांडला. सलग म्हणजे सलग, म्हणाली.

खोली जाता कामा नये. ऑफिसात माझ्या सांगण्यावरून शिपाई खुर्चीसुद्धा सरकवत नाही. इथे मी शिट्टी वाजवली की काहीतरी निघतं तरी.

८ मार्च, रविवार, सकाळ
रूळ पुसले. इंजिनाला रात्रभर विश्रांती दिली. तेवढंच राहिलं होतं. आज जिंकणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मेहुणा आला. चहा घेतला, खुर्ची ओढली, फेऱ्या मोजायला बसला. दुसऱ्याच फेरीला धूर. वा भावोजी, म्हणाला, वाफेचं इंजिन आहे हे बोलला नाहीत! मी म्हणालो, बोलणारच होतो.

बायकोने इंजिन उचललं, उलटं केलं, चाकांमागे सुईने टोकरलं. लाल दोरा निघाला. निघाला तो निघतच राहिला. तिने शांतपणे तो बोटाला गुंडाळला आणि भावाला दाखवत म्हणाली, हा बघ, ह्यांचा इतिहास.

मग गाडी तिनेच सोडली. दहा फेऱ्या सलग. इंजिन गार. मी विजय जाहीर केला. ती म्हणाली, फेऱ्या झाल्या, पण गाडी कुणी चालवली? मेहुण्याने बहिणीच्या बाजूने निकाल दिला. पंच बाहेरचा आणायला हवा होता.

९ मार्च, सोमवार
मशीन खोलीत गेलं. मला मशीनच्या पायांमधून रूळ टाकायची परवानगी आहे. क्लास सुटल्यावर, शिट्टी न वाजवता. दोष इंजिनाचा नव्हता, बाहेरचा होता, हे माझं पहिल्यापासूनचं मत खरं ठरलं. तसं बायकोला बोलून दाखवलं. तिने मशीन जोरात चालवलं.

नव्या मार्गाचं उद्घाटन येत्या रविवारी. चुकीतून शिकलो आहे : या वेळी रेशमी दोरा नको, चांगली जाड लोकर बांधायची. आणायला गेलो होतो. शिवणाच्या डब्याला कुलूप आहे.