बिनखिडकीची खोली

एवेलियो, आपल्या कारिदाद मातेची शपथ, गळ्याला हात लावून सांगते, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे!

तू डॉमिनो खेळायला निघून गेलास आणि मला काही उमजेना. काल म्हणालास, "बघू." रात्री स्वतःच बॅग भरलीस, सकाळी स्वतःच रिकामी केलीस. मग येतोयस की नाही? नात फोनवर विचारते, "आजी, आजोबा जहाजावर येणार ना?" तिला मी काय सांगू?

म्हणून तुझी बॅग परत भरून मीच बंदरावर नेतेय. सगळ्या विजारी तिच्यात गेल्या. घरी राहिलास तर अंगावरच्या एकीवर आठवडा काढ! हमालाकडे दिलेली बॅग थेट संध्याकाळी जहाजावरच्या खोलीत मिळते, म्हणून तुझा पासपोर्ट आणि गोळ्या फ्रिजवर ठेवल्यात. दोन्ही जवळच ठेव. गाडी आणू नकोस, बंदरात ती उभी करायचे पैसे ऐकून तुला घेरी येईल. शेजारची ओदालिस सोडेल. तीनला फाटक बंद होतं. तू आला नाहीस तरी भाडं दोघांचंच पडतं.

क्यूबाहून त्या फुटक्या होडीतून आलास, तेव्हापासून तू समुद्राकडे बघत नाहीस, ठाऊक आहे मला. पण हे जहाज एवढं मोठं आहे, की ओदालिसचा काका सात दिवस फिरून आला आणि विचारतो, "अगं, समुद्र कुठे होता?" शिवाय आपल्या खोलीला खिडकीच नाही. खिडकीवाल्या सगळ्या संपल्या होत्या.

येतोयस ना रे?

झोराइदा

ता.क. काकाची गोष्ट अगदी खरी. खिडकीवाल्या खोल्या संपल्या होत्या, तेवढं मात्र मी रचलं.