एकाच मेजाची अट

मी ग्रेगोरिया लिमाची, कैलासवासी इलारिओन तार्की यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाव भाजण्याचा, राहणार मुनाइपाता, ला पाझ, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही. डॉक्टर म्हणतात की हा नोव्हेंबर दिसेल, पुढच्याचं सांगता येत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझी दोन्ही मुलं गेली पाच वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे दोघांनी मिळून दडपण आणण्याची भीतीच नाही.

कलम पहिले, राहते घर. हे घर दोघांपैकी कोणालाच मिळू नये अशी माझी इच्छा होती. नोटरीसाहेब म्हणाले, "ग्रेगोरियाबाई, मुलांचा वाटा कायद्यानेच ठरलाय. तुमच्या मर्जीचा फक्त पाचवा हिस्सा."

"आणि मुलं मूर्ख निघाली तर?"

"मूर्खपणाने वारसा जात नसतो, बाई."

तसं असतं तर या देशात कोणाला काहीच मिळालं नसतं. तेव्हा घर मुलगी नीवेस आणि मुलगा रोनाल यांना समाईक. अंगणात भिंत घालू नये. घातलीच तर ती पावसात पडो.

कलम दुसरे, धंद्याची हत्यारं. मातीची भट्टी, कणकेची मोठी काठवट, पाव सरकवायचं लांब दांड्याचं फावडं आणि पत्रे हे सगळं माझ्या मर्जीच्या हिश्श्यातून माझी विधवा भावजय लिदिया हिला. तिने माझ्या बरोबरीने भट्टीची धग सोसली आणि कधी राजकारणावर तोंड उघडलं नाही. या घरात असा गुण दुसऱ्या कोणात नाही. अट एवढीच की ऑक्टोबर संपताना भट्टी माझ्या मुलांसाठी पेटवावी.

कलम तिसरे, अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं. हे शेजारीण कासिमिरा हिला. दंग्याच्या दिवसांत सूप करते म्हणून तिने नेलं आणि खिडकीत उभी राहून निषेध म्हणून बडवलं. सूप काही कोणी पाहिलं नाही. आता पोचे तिच्या नावावर राहोत.

कलम चौथे लिहिण्याआधी ते साल लिहावं लागेल.

दोन हजार एकोणीसने देशाचं काय केलं ते शिकलेली माणसं लिहितील. माझ्या घराचं काय केलं ते मी लिहिते. ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि निकालाचे आकडे येता येता मध्येच थांबले. अर्धा देश म्हणाला, मतं चोरली. उरलेला अर्धा म्हणाला, गावाकडच्या माणसाने निवडलेलं तुम्हाला पचत नाही. नीवेस शाळेत शिकवते, खालच्या वस्तीत राहते. मतं चोरली म्हणणाऱ्या बायकांबरोबर तिने रस्ता अडवायला आडवी सुतळी बांधली आणि टोक धरून उभी राहिली. रोनाल वर एल आल्तोत राहतो, मिनीबस चालवतो. तो माझ्या पिठाची पोती घेऊन येत होता, आणि सगळ्या शहरात नेमका त्याच सुतळीपाशी पोचला. भाऊ हॉर्न वाजवतोय, बहीण म्हणतेय, "वळसा घालून जा." कपाळावर हात मारावा नाही तर काय!

नीवेस, आता ऐक. सुतळी ती. मिनीबसला काय जड होतं? "ताईच्या हाताला काचली असती," असं म्हणून तो मागे फिरला, आणि तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली.

त्याच आठवड्यात तुमच्या बाबांचं तिसरं वर्ष आलं. मेलेल्या माणसासाठी आपण तीन वर्षं मेज मांडतो. तो एक नोव्हेंबरला दुपारी उतरतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पावाच्या शिडीने परत चढतो. तिसऱ्या वर्षी वाजतगाजत कायमचा निरोप द्यायचा आणि सुतकाचे काळे कपडे उतरवायचे. शिडी मी स्वतः भाजली होती. प्रार्थना म्हणणारे आले, वाजंत्री आले, इलारिओनच्या आवडीचा वाटाण्याचा तिखट रस्सा वाफाळत होता. आणि ही दोघं सुरू झाली.

"बाबांच्या मेजापुढे तरी तोंड आवर," नीवेस म्हणाली.

"मी आवरू? रस्ते तुम्ही अडवलेत. बाबांनाही सांगितलंस का, वळसा घालून या म्हणून?"

"बाबा असते तर आमच्या बाजूने उभे राहिले असते."

"बाबा खेड्यातले होते, ताई. ते तू विसरलीस, ते नाही विसरले."

"ती शिडी इकडे दे. कबरीवर मीच नेणार."

"तू? सोड आधी!"

शिडी मधोमध मोडली. तेवढ्यात बाराची घंटा झाली. वाजंत्रीवाले माझ्याकडे पाहत राहिले. मी हातानेच नको म्हणून खूण केली. माझा नवरा चढणार तरी कशाने? निरोप राहून गेला. अंगावरचं काळं मी आजवर उतरवलेलं नाही.

त्यानंतर राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, आगी लागल्या, एल आल्तोत गोळ्या चालल्या, माणसं मेली. रोनाल, आता तू ऐक. त्या दिवसांत तुझी बहीण मला सारखा फोन करायची. "तो घरी पोचला का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस." पोचलास म्हटलं की ती पलीकडे रडायची. दोघांनी मला गप्प बसवलंत आणि मी बसले. आता मरताना कसली शपथ?

तेव्हापासून दरवर्षी बाबांसाठी दोन मेजं, एक वर, एक खाली, आणि दोन्हीकडे आपापली शिडी. ज्याला जिवंतपणी एक जिना चढवत नव्हता, त्याची मेल्यावर ही धावपळ. लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?

कलम चौथे, माझं मेज. माझ्यासाठी या घरात, याच भट्टीतल्या पावांचं, तीन वर्षं एकच मेज मांडावं. पहिल्या वर्षी बाबांचा राहिलेला निरोपही त्याच मेजावरून द्यावा. कणीक नीवेसने मळावी, तिचा हात हलका आहे. भाजावं रोनालने, कारण नीवेस करपवते. रस्सा लिदिया करील. राजकारणावर बोलायला माझी हरकत नाही, तुम्ही ऐकणार नाहीच. फक्त बोलताना हात मेजाखाली ठेवावेत.

नोटरीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे कलम कुठल्याच न्यायालयात टिकणार नाही. याची अंमलबजावणी करणार कोण?"

"मी करीन. तुम्ही लिहा."

आणि हेही लिहा. नीवेस, रोनाल, मी उतरेन तेव्हा मला भूक लागलेली असेल. दोन मेजं दिसली तर कोणाच्याही मेजावर बसणार नाही. एका लेकराकडे जेवून दुसऱ्याला उपाशी पोटी पाहणं मला जन्मात जमलं नाही, मेल्यावर काय जमणार? दारातूनच परत फिरेन, आणि तीन वर्षं तुमची आई उपाशी राहील.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करते.

ग्रेगोरिया लिमाची

साक्षीदार:
तेओफिलो आंकासी, शिंपी, मुनाइपाता
बेनिता वाराची, भाजीविक्रेती, मुनाइपाता

ठिकाण: ला पाझ
दिनांक: चौदा ऑक्टोबर, दोन हजार चोवीस