बाबांसाठी बोलका तक्ता

३ जून
पक्षाघाताने बाबांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोट ठेवून सांगता येईल असा चित्रांचा तक्ता करा. ऑफिसात वर्षभर प्रेझेंटेशनंच करतो, हा तर माझ्या हातचा मळ. चित्र, रंग, शब्द तिन्ही एकत्र. एक चुकलं तर दुसरं सांभाळेल. पाणी, बाथरूम, दुखतंय, दार. मधोमध सोनेरी चौकोनात 'शाब्बास पोरा'. उभ्या आयुष्यात बाबा मला हे एकदाही म्हणाले नाहीत. आता निदान सोय झाली.

५ जून
उद्घाटन. बाबांना लेआउट समजावला. हाच फॉन्ट का, निळाच का, सगळं. तासभर ऐकत होते. (जाणार कुठे?) मग बोट थेट 'दार'वर. म्हणजे फिरायला जायचंय. व्हीलचेअर गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वाटेत उरलेले रंग समजावले. घरी आल्यावर पुन्हा 'दार'. काय हा उत्साह. 'शाब्बास' उद्या म्हणतील.

८ जून, दुपार
पुन्हा 'दार'. रणरणत्या उन्हात नेलं. बाबांना चक्कर आली. ही म्हणाली, बोट कुठे आहे ते बघता, नजर कुठे आहे तेही बघा. म्हटलं, नजर तक्त्यात नाही. गाढवाला गुळाची चव काय. (हे मनात.)

९ जून
नवीन व्हर्जन. 'दार' कोपऱ्यात, नखाएवढं. सोनेरी चौकोन दुप्पट. बाबांचं बोट थरथरतं, चुकून तरी मधे पडेलच.
नाही पडलं. नेम धरून कोपऱ्यात.

१२ जून
आज हिने बाबांना सरळ विचारलं. (तक्ता असताना प्रश्न विचारणं मला मागासलेपणाचं वाटतं, म्हणून मी कधी विचारलं नाही.) म्हणाली, बाबा, तुम्हाला बाहेर न्यायचं नाहीये, यांनी बाहेर जायचंय, असंच ना?

बाबांनी 'दार'वर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि जोरजोरात होकारार्थी मान डोलावली. मग बोट सरकत सरकत सोनेरी चौकोनावर आलं. मी पुढे वाकलो. त्यांनी अंगठ्याने 'पोरा' नीट झाकलं, आणि हिच्याकडे बघितलं.

मला रडू आलं. तक्ता उत्तम चालतो, एवढं मात्र सिद्ध झालं.

हे जिन्यात बसून लिहितोय. आत बाबा हसतायत. कडी आतून लावलेली आहे.