लिफ्ट बंद आहे

रविवार, ९ फेब्रुवारी
सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुझ्या भाचीचा पडलेला दात पुन्हा डोकावायला लागलाय, त्यामुळे बाईसाहेब दिवसभर आरशासमोर असतात. तुझ्याकडेही सगळं ठीक असेल, असं यापुढे लिहायचं असतं. ते लिहायला हात धजत नाही.

पत्र वाचायला बसण्याआधी एक कर. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड, स्वयंपाकघरातलीसुद्धा. धूळ आली तर येऊ दे. का, ते सांगतो. जरा आडवळणाने येईन, माझी सवय तुला ठाऊक आहे.

फोनच करणार होतो. पण फोनवर मी काहीतरी गंमत करतो, तू हसतेस, हसता हसता खोकायला लागतेस आणि मी "बरं, ठेवतो" म्हणतो. तू नव्या घरात राहायला गेल्यापासून हेच चाललंय.

परवा डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर होतो. इतकी वर्षं गप्प बसलेला दमा आताच का उठला, असं त्यांनी विचारलं. घरात नवा रंग, नवी कपाटं, असं काही? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "इमारत ह्यानेच तपासलीय. पर्यावरणाचं प्रमाणपत्र आहे तिला. आमच्या घरातली हवा बाहेरच्यापेक्षा चांगली." केवढ्या तोऱ्यात म्हणालीस. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. ताई, त्या मान डोलावण्याची मला इतकी लाज वाटते की दाढी करतानाही स्वतःकडे बघवत नाही.

तर आता ऐक. इमारतीत कमी रसायनांचाच रंग लागतोय ना, कपाटाच्या फळ्याही तशाच येतात ना, हे बघायलाच बांधकाम कंपनीने मला ठेवलं आहे. खालच्या मजल्यांवर सगळं नियमाने झालं. मग तो माल संपला, ताबा द्यायची तारीख डोक्यावर आली आणि वरच्या मजल्यांवर साधा रंग, साध्या फळ्या गेल्या. मालक म्हणाले, वास काय, चार दिवसांत उडून जातो. खरं तर रंगानंतर पंधरवडाभर खिडक्या सताड उघड्या टाकून पंखे चालवायचे आणि मगच माणसं आत आणायची, असं ठरलेलं असतं. तेही राहून गेलं. मी एकदा कुरकुर केली, मालकांनी ऐकल्यासारखं केलं आणि मी गप्प बसलो.

प्रमाणपत्र देणाऱ्या बाई हवा मोजायचं यंत्र घेऊन आल्या. कुठलं घर तपासायचं ते त्यांनीच ठरवायचं असतं. त्या म्हणाल्या, वरच्या मजल्यावर जाऊ. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "लिफ्ट बंद आहे."

लिफ्ट चालू होती. मी तिनेच खाली आलो होतो.

बाईंनी मग खालचंच एक घर तपासलं. हवा उत्तम निघाली. तू माझ्या शब्दावर घर घेतलंस, तेही वरचं, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. तोवर वास जाईल, असं स्वतःला बजावत राहिलो. वर तुला ऐटीत शिकवलं, की खिडक्या बंद ठेव, भिंतीतल्या झडपांतून गाळलेली हवा येते. त्या झडपा चांगला रंग गृहीत धरून बसवलेल्या आहेत. तू मात्र माझा शब्द इतका पाळलास की खिडकीची कडी एकदाही काढली नाहीस.

गेल्या रविवारी तू चहा ठेवायला गेलीस तेव्हा मी पडद्यामागे एक डबी ठेवली होती. तू पाहिलीस. "काय रे ते?" पंखा का वाजतो ते बघतोय, म्हणालो. ते हवा मोजायचं यंत्र होतं. आकडा बघून मला दरदरून घाम फुटला, आणि तू माझ्यासाठी पंखा मोठा केलास.

काल त्या बाईंना फोन करून लिफ्टचं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता चालू आहे ना?" उद्या येताहेत, थेट तुझ्या मजल्यावर. मालकांनाही सांगून झालं. ते आता दुसरा माणूस बघतील. बघू देत.

तुझ्या भाचीची खोली रिकामी केली आहे. भावोजींना घेऊन आजच इकडे ये. रागावून तिथेच बसून राहू नकोस. रागवायचं ते इथे येऊन रागव, श्वास तरी पुरेल. तुझ्या समोरच्या घरात बाळ आहे. त्यांना सांगायचं काम तुझ्यावर टाकत नाही, त्यांचं दार मीच वाजवणार आहे.

हे पत्र दाराखालून सरकवून मी खाली, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसणार आहे. तिथून तुझ्या खिडक्या दिसतात. उघडल्या की समजेन, वाचायला घेतलंस. हाक मारलीस तर जिन्याने वर येईन. नाही मारलीस तरी खिडक्या तेवढ्या लावू नकोस.

आणि एक. ही नोकरी लागल्यापासून तू मला चारचौघांत "साहेब" म्हणतेस. ते आता नको. आधी म्हणायचीस तेच म्हण, म्हणावंसं वाटलं तर.

तुझा,
ठोंब्या