मानेतली सात झाडं

टॅमरॅक तळं, उत्तर मिनेसोटा
२४ जानेवारी १९८६

प्रिय रेइनो,

आशीर्वाद. मी बरी आहे, तूही तिकडे ऑरेगनमध्ये समुद्राकाठी बरा असशील असं धरून चालते. पंधरा वर्षांनी बहिणीचं अक्षर पाहून पाकीट फोडावं की शेगडीत टाकावं, असा विचार तू नक्की केला असशील. कुणी मेलेलं नाही. तू शेजारच्या हेल्वीला पाठवलेल्या ख्रिसमसच्या कार्डावरून पत्ता मिळाला.

थंडी नेहमीसारखीच, उणे तीसच्या आसपास. पण यंदा बर्फाचं काही खरं नाही. तळं गोठल्या गोठल्या दीड हात हिम पडलं, आणि अशी गोधडी अंगावर पडली की खालचा बर्फ जाड व्हायचं विसरतो, हे मी तुला काय सांगायचं.

कॅम्प आता बारा महिने चालतो. बाबांच्या वेळी होड्या पालथ्या घातल्या की मे महिन्यापर्यंत आपण आणि कोल्हे, एवढीच इथली वस्ती. आता उन्हाळ्यात लोक वल्हवायला येतात, पानगळीत मूस हरणं बघायला येतात आणि भर थंडीत तंबूत झोपायलासुद्धा येतात. घरी ऊब असताना इथं येऊन कुडकुडण्यात काय सुख मिळतं देव जाणे, पण येतात, आणि त्यांच्यामुळे कॅम्प उभा आहे.

गोठलेल्या तळ्यावर वाटेच्या खुणेची झाडं अजून मीच लावते, बाबांच्याच पद्धतीनं. एकोणतीस झाडं. गिरमिटानं बर्फाला आरपार छिद्र पाडायचं, कुऱ्हाडीच्या दांड्यावरच्या खाचेशी जाडी मोजायची, आणि पुरेशी असली तरच त्या छिद्रात कंबरेएवढं स्प्रूसचं झाड उभं करायचं. येणाऱ्याला एकच सांगायचं, झाडं धरून चाला. झाड आहे म्हणजे तिथं कुणीतरी बर्फ मोजलाय. माझा उजवा खांदा आता कुरकुरतो, बाकी काही नाही.

चौदा तारखेला एकटाच एक माणूस आला, गॉर्डन व्हीलॉक, मिनीॲपोलिसचा. हिरवी घसरगाडी, तिच्यावर तंबू आणि पत्र्याची शेगडी, सगळं नीटनेटकं बांधलेलं. मला म्हणाला, "झाडांच्या रांगेनंच जाऊ ना?" मी म्हटलं, "झाडं सोडू नकोस, बाकी काय वाटेल ते कर." तो हसला आणि निघाला. तीस तारखेला परत येणार आहे.

आणि हो, तळ्याच्या चिंचोळ्या मानेतली सात झाडं मी परवा काढून उत्तरेच्या काठानं लावली. वाट लांबते, पण वारा कमी लागतो. तुला एक विचारायचं होतं. वरचा बीव्हरचा बांध फुटला की मानेतलं पाणी खालून बर्फ खातं, असं तू म्हणायचास. ते तू कधी मोजलं होतंस का, की नुसतं म्हणायचास? सहज आठवलं म्हणून विचारलं.

शेगडीमागच्या दोरीवर एक लोकरी हातमोजा वाळत घातलाय. एकच आहे. बाकी सगळं ठीक.

आउने

टॅमरॅक तळं
१३ फेब्रुवारी १९८६

प्रिय रेइनो,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड, त्यावर मच्छीमार होड्यांचं एवढं सुंदर चित्र, आणि मागं एकच ओळ: "मानेतली झाडं का हलवलीस?" बोलण्याची तुझी कंजुषी काही गेली नाही. सांगितलं ना, वाऱ्यामुळे.

तो गॉर्डन परत आलेला नाही. तीस तारीख गेली, मी आणखी दोन दिवस वाट पाहिली आणि मग दुकानात जाऊन शेरीफच्या कचेरीत फोन केला. डेल ओस्बीला पाठवलंय. तुझ्यामागं शेपटासारखा फिरायचा तो डेल, आता शेरीफच्या गाडीत पोट सांभाळून बसतो. विमान तीन दिवस उत्तरेच्या कड्यावर घिरट्या घालत होतं. कुत्री आणली, काही हाती लागलं नाही. तंबू कुठे मारला होता तेसुद्धा कळत नाही.

त्याची बायको डाएन आलीय. तीन नंबरच्या खोपटात उतरवलंय तिला. शाळेत शिकवते. रडत नाही, आणि त्यानंच माझा जीव अर्धा होतो. सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते, कॉफी घेते, मी वेलदोड्याचा पाव पुढे करते, तो ती बारीक कुस्करते आणि तसाच ठेवते. काल डेलही बसला होता. तो तिला समजावत होता, "हिम उडत असलं ना ताई, की भल्याभल्यांची वाट चुकते. झाडं सोडून कड्याकडे गेला असेल."

ती म्हणाली, "तो नाही जाणार."

"अहो, माणूस आहे, जातो कधी."

"रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतो तो. मी चिडते त्याच्यावर. मागच्या महिन्यात भांडलेसुद्धा. तो झाडं सोडून नाही जाणार."

डेलनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मग तिला म्हणाला, "झाडांची चूक असायचा प्रश्नच नाही. आउनेच्या झाडांवरून मी डोळे मिटून ट्रक घालीन. हिच्या भावानं एकदा घोळ केला होता, तेव्हापासून ही स्वतः एकेक मोजते." रेइनो, हे मी तुला का लिहितेय मलाच कळत नाही. मी त्याला अडवलं नाही. उठून कॉफी ओतली.

दुपारी डाएन म्हणाली, मला वाट दाखवा. तिला घेऊन उत्तरेच्या काठानं गेले. ती झाडं मोजत चालली होती, शाळेतल्या मुलांची हजेरी घेतात तशी. वळणावर थांबली आणि म्हणाली, "ही सातच झाडं ठेंगणी का हो? बाकीची माझ्या कमरेला लागतात, ही गुडघ्याच्या वरच संपतात."

मी म्हटलं, "जंगलात सगळी एका मापाची कुठे मिळतात."

तिनं मान डोलावली. परत येताना म्हणाली की तिनं विणलेले हातमोजे तरी तो घालून गेलाय, मनगटाला तांबडा पट्टा असलेले, तेवढाच धीर वाटतो. मी घरी आले आणि दोरीवरचा तो हातमोजा काढून पिठाच्या डब्यात, पिठाखाली दाबून ठेवला. तेव्हापासून त्या डब्यातलं पीठ घेववत नाही. दुकानातून नवं आणलं.

तू पुन्हा विचारू नकोस. मी सांगेन तेव्हा सांगेन.

आउने

टॅमरॅक तळं
२० मार्च १९८६

प्रिय रेइनो,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कुणी मेलेलं नाही. ते लिहिताना मला माहीत होतं.

आता सरळ सांगते. डिसेंबरात बावीस झाडांना मी छिद्रं पाडली. मानेपाशी पोचले तेव्हा खांद्यातून गिरमिट फिरेना. वारा तोंडावर होता, उजेड जात आला होता. मानेत इतकी वर्षं दहा इंचांच्या खाली बर्फ मी पाहिला नव्हता. म्हणून कुऱ्हाडीनं चार बोटं खोल खाचा केल्या, झाडं उभी केली, वर पाणी ओतलं. पाच मिनिटांत गोठून ती अशी पक्की झाली की बघणाऱ्याला फरक कळू नये. उद्या येऊन मोजीन म्हटलं. उद्या आला आणि गेला.

बावीस जानेवारीला लाकडं घेऊन पलीकडे चालले होते. सहावं झाड कललं होतं. त्याच्या पुढ्यात जेवणाच्या टेबलाएवढा काळा, नवा बर्फ, आणि त्याच्या काठाला चिकटलेला तो हातमोजा. बोटं माझ्याकडे केलेली.

मी पोटावर पडून तो ओढला, एवढं केलं. हाका मारल्या. मग दुकानात, फोनपाशी पळायला हवं होतं. आठ दिवस होऊन गेले होते, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे खरं आहे. पण मी पळाले नाही ते त्यामुळे नाही. मी करवत आणली आणि सातही झाडं बर्फालगत कापली. पुन्हा कुणी इकडे येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. इतकं चांगलं कारण हाताशी आलं तर कोण सोडतं. कापलेली झाडं उत्तरेला नेऊन हातभर खोल रोवली. ती ठेंगणी आहेत ती त्यामुळे. बुंधे अजून मानेत, जुन्या जागी, हिमाखाली आहेत. एक उकरून पाहिला तरी कळेल की तो चार बोटांपलीकडे गेलेला नाही.

डेलच्या माणसांनी दीड महिना कड्यावर शोधलं, आणि गॉर्डन इथं मानेत आहे. आता सगळे म्हणतात शहरी माणूस, ऐकलं नसेल, झाडं सोडली असतील. कालच दुकानात कुणीतरी डाएनसमोर तेच म्हणालं. ती म्हणाली, "असेल. मला वाटलं होतं मी त्याला ओळखते." रेइनो, तेव्हा तिचा चेहरा पडला तो मी पाहिला. इतके दिवस ती ज्याला धरून उभी होती तेसुद्धा मी तिच्या हातून काढून घेतलं. आणि तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. त्याच दुकानात, त्याच काउंटरपाशी. तुझा होता.

तू नेहमी म्हणत राहिलास, "मी छिद्रं पाडली होती, बर्फ नंतर खालून झिजला." एकाहत्तरमध्ये मानेतला बर्फ फुटून शिकागोच्या त्या माणसाचे गाडी ओढणारे सहा कुत्रे बुडाले, त्याच्या पायाची बोटं गेली, आणि मी भर दुकानात तुला म्हटलं की बाबांच्या हातचं झाड तू खोटं केलंस. त्याच सकाळी, रेइनो, मी एकटी मानेत जाऊन तुझी झाडं उपटून पाहिली होती. एकूण एक. प्रत्येक बुंधा हातभर आत गेलेला होता, जुना जाड बर्फ त्याच्याभोवती बांगडीसारखा होता. तू मोजलं होतंस. तळं बदललं होतं.

पण तळ्यावर भरवसा नाही असं कळलं असतं तर इथं कोण आलं असतं? भाऊ निष्काळजी निघाला म्हटलं की भाऊ जातो आणि कॅम्प राहतो. मी कॅम्प ठेवला. तू बस पकडून गेलास तेव्हा मी होड्यांना रंग देत होते, हेही तुला माहीत असावं.

गेले दोन महिने मला फार वाटतं की मीही तुझ्यासारखं म्हणावं, डिसेंबरात बर्फ चांगला होता, पाण्यानं नंतर खाल्ला. कदाचित तसं असेलही. पण ते म्हणायला आधी मोजलेलं असावं लागतं.

आज सकाळी दुकानात गेले. शनिवारसारखी गर्दी होती. मी काउंटरपाशी उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "एकाहत्तरमध्ये रेइनोनं सगळी छिद्रं पाडली होती. मी पाहिली होती आणि खोटं बोलले." म्हातारी सेल्मा कप खाली ठेवून म्हणाली, "मग पंधरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी होती काय गं?" मी म्हटलं, "कॅम्प होता." कुणी हसलं नाही. त्यापुढचं, माझं स्वतःचं, सांगायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. तुझं सांगता आलं, माझं नाही आलं. काय माणूस आहे मी.

म्हणून उद्याची व्यवस्था अशी केलीय. डेल आणि डाएनला सकाळी दहाला मानेच्या काठावर बोलावलंय. का, ते सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातमोजा आणि या पत्राची नक्कल ठेवलीय. दार उघडंच असेल. पाणबुड्यांना नेमकी जागा कळायला हवी, आणि ती रांग माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. एप्रिल संपता संपता मान मोकळी होईल, मग पाणी त्याला खालच्या धबधब्याकडे नेईल आणि डाएनच्या हाती काहीच लागणार नाही. मार्चचं ऊन आत्ताच बर्फावर चढलंय, दुपारनंतर मानेतून आवाज येतात. दुसऱ्या कुणाला मी त्यावर पाय ठेवू देणार नाही. तेव्हा आठला मी निघेन, सातही बुंध्यांवरचं हिम झाडीन आणि प्रत्येकाला तांबडी चिंधी बांधीन, म्हणजे काठावरून दिसेल. आणि प्रत्येकापाशी एक छिद्र पाडून दांड्याशी मोजीन. खांदा कितीही कुरकुरू दे.

बाबांचा दोर कमरेला बांधून जाईन, दुसरं टोक काठावरच्या जुन्या पाइनला. तो तिथून चौथ्या झाडापर्यंत पुरतो, मी आज मोजून पाहिलं. पुढे सोडावा लागेल.

पत्र आजच्या टपालात टाकतेय, म्हणजे उद्या कसंही झालं तरी तुझ्यापर्यंत पोचेल. तू क्षमा कर असं मी म्हणणार नाही, ते मागायची माझी पत नाही. कधी इकडे आलास तर दुकानात ताठ मानेनं शिर, एवढंच.

तू पाडलेलं प्रत्येक छिद्र त्या सकाळी पाहिलेली
तुझी बहीण
आउने