पेटीले खत कोण देते?

३ एप्रिल, सोमवार

पुन्हा हिरवं! माशांच्या पेटीची परवा घासलेली काच आज पुन्हा हिरवी. आतल्या दगडांवर हे लांब लांब शेवाळ — माझ्या डोक्यावर एवढे केस नाहीत, दगडाले आहेत.

रुचिता जानेवारीत कोचीले गेली. नात माझी, समुद्राच्या माशांच्या कचेरीत नोकरी लागली. बाप म्हणे बँकेची परीक्षा दे. हिनं बॅग भरली. तवापासून प्रफुल्ल पोटच्या पोरीशी बोलत नाही. तिचा फोन आला का उठून अंगणात जाते. माझंच पोरगं, अडेलतट्टू!

जाताना पोरगी म्हणे, "आजी, माझे मासे तुझ्या भरोशावर ठेवून जातो." दोन नारंगी मासे, पांढऱ्या पट्ट्याचे. खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. भंडाऱ्यात समुद्र!

आज प्रफुल्ल ओरडला, "माय, हे गटार काढ घरातून. बुद्ध पौर्णिमेपर्यंत साफ नाही झालं तं दुकानवाल्याले देऊन टाकतो."

म्हटलं, "देऊन तं पाह्य!"

५ एप्रिल

माशाचा दुकानवाला आला, खुशाल नाव त्याचं. बाटली घेऊन. "आजी, चार थेंब टाका, तीन दिवसात शेवाळ खतम."

"आन मासे?"

"माशाले बहुतेक काही होत नाही."

बहुतेक! म्हटलं, तुझ्या पोराले पाजशील का बहुतेकचं औषध? गेला बाटली घेऊन.

७ एप्रिल

ऊन भलतंच. पेटीतलं पाणी रोज दोन बोटं आटते. सून मिठाचा डबा घेऊन धावली. थांब म्हटलं! वरण आटलं का खारट होते का अळणी? पाणी उडते, मीठ तिथंच राहते. भर टाकायची ते गोड्या पाण्याची, तेही फिल्टरच्या. ही बी.ए. आन मी दुसरी नापास.

१० एप्रिल

दोन तास लागले. दात घासायचा जुना ब्रश घेतला. शेवाळ नुसतं ओढायचं नाही, तुटलेला तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन बसते. ब्रशले गुंडाळायचं, मुळासकट उपटायचं, आन नळी लावून घाण बाहेर. निंदणच आहे हे. सिहोऱ्याले धानाच्या बांधीत चाळीस वर्षं वाकली मी. ह्या पेटीपुढं हारतो का काय!

१३ एप्रिल

पुन्हा हिरवं. भाड्या!

१४ एप्रिल, जयंती

सकाळी निळ्या काठाची साडी नेसली, चौकात वंदना घेतली, घरी आली. बाकी सगळे मिरवणुकीत. मी पेटीपुढं बसली आन डोक्स्यात उजेड पडला.

धानाच्या बांधीत शेवाळ कवा चढते? खत जास्त पडलं का. आमच्या ह्यांनी एकदा सुपर फॉस्फेटचं आख्खं पोतं एकाच बांधीत उधळलं, आठ दिवसात पाण्यावर हिरवी गोधडी. मंग इथं खत कोण टाकून राहिलं? माशाचं उरलेलं खाणं सडते, तेच खत!

डबी उघडून पाहिली. पाडव्याले भरलेली डबी. तळ दिसून राहिला! मी तं सकाळी एकच चिमूट देतो.

घरात चोर आहे.

१५ एप्रिल

सुनेले विचारलं. "मी कायले हात लावू? मले त्या डबीच्या वासानं मळमळते." अन् रडली. रडू दे.

शेजारची कलाबाई मागं एकदा पेटीत मुरमुरे टाकताना सापडली होती. "बिचारे भुके दिसले," म्हणे. आज तिले सांगून टाकलं — ह्या खोलीत पाय ठेवायचा नाही. फुगली. फुगू दे.

१६ एप्रिल

प्रफुल्ल आठ दिवसांसाठी नागपूरले गेला, कचेरीच्या कामानं. घर शांत.

२३ एप्रिल

सोमवारी पुन्हा मुळासकट उपटलं, ह्या वेळी उगवलंच नाही. काच साफ! दगड साफ! एका दगडाचा रंग जांभळा आहे हे आज समजलं. रुचिताले फोटो धाडला. ती तिकडून ओरडली, "आजी, तू तं सायंटिस्ट निघाली!"

कलाबाईची बंदी बरोबर लागू पडली. माझं डोकं अजून चालते म्हणा.

प्रफुल्ल संध्याकाळी आला. पेटीकडं पाहिलं, हूं केलं, हात धुवायले गेला.

२८ एप्रिल

कोपऱ्यात हिरवा डाग.

कलाबाई तं चार दिवस झाले तुमसरले लेकीकडं आहे. मंग?

पौर्णिमेले सात दिवस राहिले. मी मासे देत नाही! कोणाच्या बापाले देत नाही. पोरीनं माझ्या भरोशावर ठेवले आहेत. उद्यापासून पहाटे उठून पाहतो.

३० एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाच वाजता प्रफुल्ल आला. लुंगीवर. स्टूल ओढून पेटीपुढं बसला, डबी उघडली. एक चिमूट. थांबला. आणखी एक. मंग माशाले म्हणते, "खाऊन घे बेटा. तिकडं कोण वाढते तुले?"

मासा तं इथंच आहे!

मी दाराआडून सरकली. चहाच्या वेळी डबी त्याच्यापुढं ठेवली, बाजूले माझा फोन ठेवला. म्हटलं, "माशाले सकाळची एकच चिमूट. तूच देत जाय. अन् बाकीचं विचारायचं असन तं इकडं विचार."

त्यानं फोन उचलला, पुन्हा ठेवला.

पोरीचा नंबर मीच लावून दिला, आन ह्या वेळी अंगणात मी गेली.